सुहासची बेस गिटार, माझ्या टेबलावर

८ मार्च २०२६, रविवार

आणलीच शेवटी त्याने! टेबलावर आडवी ठेवली आणि वर हसला. सुहास हसला की समोरच्यालाही हसावे लागते. हा जुलूम मी पन्नास वर्षे सोसतो आहे.

जपानी बनावटीची बेस गिटार. चार जाड तारा, तपकिरी अंग, कडेला रंग उडालेला. आमच्या ‘पहाट गायन मंडळा’ने ती शहात्तर साली मिरकरवाड्याच्या एका खलाशाकडून घेतली. वाजवण्याची इच्छा सुहासला आणि मला, दोघांना होती. मंडळाचे प्रमुख बाबाजी. त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी ती सुहासच्या गळ्यात घातली. मला साधी गिटार आणि निवेदन. ‘मास्तर, तुझी भाषा बरी, तू बोल. ह्याला बोलता येत नाय, ह्याला वाजवू दे.’ सगळे हसले. मीही हसलो. बाबाजी गेले; निर्णय राहिला.

यंदा मंडळाची पन्नाशी. बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही उरलेले म्हातारे पुन्हा मंचावर बसणार. निवृत्तीनंतर मी लोकांच्या पेट्या आणि गिटारी दुरुस्त करतो, तेव्हा गिटार माझ्याकडेच येणार हे उघड होते. सुहासच्या डाव्या हाताची अनामिका वाकली की अडकते, झटका दिल्याशिवाय सरळ होत नाही. म्हणून मागणे असे — ‘तारा जेवढ्या खाली आणता येतील तेवढ्या आण बाबा. जोर लावून दाबवत नाय आता. पातळ तारा पण आणल्यात मी. आणि आवाज मात्र जुनाच राहू दे हां!’

म्हणजे सर्व काही बदल, पण काही बदलू नकोस. अलोऱ्याच्या वीजप्रकल्पात हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाचे हे नेमके वाक्य.

आनंदीने, माझ्याच बायकोने, त्याच्या पोह्यांवर ओले खोबरे जास्त घातले. मी पाहिले.

९ मार्च, सोमवार

आज गिटार उघडली.

खारे वारे कोणालाही सोडत नाहीत. तारा ज्यावर टेकतात त्या पुलाचे, म्हणजे ब्रिजचे, सर्व स्क्रू गंजून एकजीव झालेले. आवाजाचे बटण फिरवले की तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर. आतली जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, तुटलेली. म्हणून ती गुणगुण, जिला सुहास ‘जुना आवाज’ म्हणतो! तुटलेल्या तारेला परंपरा म्हणणारी माणसे आहेत, त्यांतला हा एक.

मानेच्या पाठीमागे रंग उडून लाकूड गुळगुळीत झाले आहे. अंगठ्याच्या आकाराची जागा. पन्नास वर्षांत लाकडाने त्याचा अंगठा पाठ केला. मी माझा तिथे ठेवून पाहिला. बसत नाही. त्याचा मोठा.

१० मार्च, मंगळवार

मिठाचा गंज तेलाने सुटला. सुहासची आठवण सुटत नाही.

१२ मार्च, गुरुवार

लवू येऊन गेला. मंडळाचा ढोलकीवाला, ऐकू कमी येते, ठेका मात्र अजून सुटलेला नाही. दारातूनच ओरडला, ‘काय ओ मास्तर, नवरीचं माहेरपण काय म्हणतंय?’

मी म्हणालो, नवरीची हाडे तपासतो आहे.

‘जपून हां. नवरा रोज फोन करत असेल.’

करतो! रोज. माझ्या फोनवर नव्हे, आनंदीच्या. कारण मी ‘बोला’ म्हणून गप्प बसतो आणि ती बोलते. आज स्वयंपाकघरातून तिचे हसणे ऐकू आले. काय म्हणाला, विचारले. ‘काय नाय ओ, असंच.’ असेच! बावन्न वर्षांच्या संसारात मी तिला ‘असेच’ हसवल्याचे स्मरत नाही. माझ्या विनोदाला कारण लागते.

जाताना लवू म्हणाला, ‘सुहास वाजवायचा तेव्हा ढोलकी आपोआप वाजायची, मास्तर.’ मग माझ्याकडे पाहून, ‘तुम्ही पण बरोबर वाजवायचात.’ बरोबर. हा शब्द मी आयुष्यभर मुलांच्या वहीत लिहिला. तो माझ्यावर उलटलेला आवडला नाही.

१५ मार्च, रविवार

मान वाकली होती. तारांच्या ओढीने मान पुढे येते, म्हणून आत एक लोखंडी सळई असते. टोकाला किल्ली लावून ती पाव फेरा आवळायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. लाकडाला विचार करायला वेळ द्यावा लागतो. एका दमात आवळली तर तडकते. आठवीच्या वर्गाचेही असेच होते.

जयंतीच्या फलकाचा मसुदा श्रुतीने दाखवायला आणला. श्रुती म्हणजे बाबाजींची नात. यंदा तीच गाणार. ‘सूवर्ण महोत्सव’ असे छापले होते. पहिला उकार ऱ्हस्व केला, दोन शब्द जोडले. खाली छायाचित्र — मधोमध सुहास, गळ्यात ही गिटार, केस वाऱ्यावर. त्याच्या खांद्यामागे माझा अर्धा कान.

‘काका, हाच एक फोटो नीट मिळाला.’

नीट!

१९ मार्च, गुरुवार

पितळी ब्रिज आला, बसवला. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली, जमिनीची तार झाळली, आवाजाचे बटण नवे घातले. मूळचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारा चुंबक, तसाच ठेवला. जुन्या वस्तूचे जे चांगले आहे ते काढणे हा गुन्हा आहे.

गुणगुण थांबली. आता ती गप्प बसते आणि वाजवली तरच बोलते. असे फार थोडे असतात.

२२ मार्च, रविवार

त्याच्या पातळ तारा चढवल्या, सांगितल्याप्रमाणे खाली आणल्या. बोट नुसते टेकवले की स्वर! अनामिका अडकणाऱ्या माणसालाही वाजवता येईल.

पण मधल्या स्वरांवर तार खालच्या धातूच्या पट्ट्यांना घासते, झर्र करते. त्या पट्ट्या झिजल्या आहेत. जिथे जिथे सुहासचे बोट पन्नास वर्षे पडले तिथे तिथे खड्डे. ज्या पट्ट्यांना त्याने हात लावला नाही त्या नव्यासारख्या. कोणते स्वर त्याला आवडत, हे आता मला ठाऊक झाले आहे. मला ते ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

उपाय साधा आहे. सर्व पट्ट्या कानशीने घासून एका पातळीत आणायच्या, माथे पुन्हा गोल करायचे, चकाकी द्यायची. किचकट, पण मला येते. चिपळूणच्या एका मुलाच्या गिटारीला केले होते.

२५ मार्च, बुधवार

कानस काढून ठेवली आहे. हात लागत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आनंदी बाजारात गेली होती. गिटार मांडीवर घेतली, छोटा स्पीकर लावला आणि वाजवली.

आजवर तिला माझे बोट लागलेच नव्हते असे नाही. मंडळाच्या काळात सुहास चहा प्यायला गेला की मी एखादी तार छेडून घेत असे, चोरासारखी. पण असे संपूर्ण गाणे, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत, माझ्या घरात, माझ्या खुर्चीत! प्रत्येक स्वर जागेवर पडला. कुठेही घाई नाही, कुठेही घसरणे नाही. खिडकीची काच थरथरत होती.

बेस म्हणजे वाक्यातले क्रियापद. ऐकणाऱ्याचे लक्ष कर्त्याकडे, विशेषणांकडे. पण क्रियापद काढा, वाक्य उभे राहील का? पन्नास वर्षे आमच्या मंडळाचे क्रियापद एका अशा माणसाच्या हाती होते ज्याला ‘मी आलो होतो’ आणि ‘मी आलेलो’ यांतला फरक सांगता येत नाही. आणि तरीही लोक ऐकत!

वाजवता वाजवता मध्येच ती झर्र. ओठ आवळले गेले.

२९ मार्च, रविवार

सुहास सहकुटुंब आला. कोकमे घेऊन. टेबलाकडे पाहिले, हात मागे बांधले. ‘हात नाय लावत, मास्तर. तुझं काम पुरं व्हायच्या आत कुणी हात लावलेला तुला खपत नाय, म्हायती आहे मला.’

म्हणालो, पुढच्या रविवारी तालमीला आणतो, तिथेच पाहा.

‘तारा खाली आल्या ना?’

‘काम चालू आहे,’ मी म्हणालो. हे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

त्याची नात त्याच्या पाठीवर चढली, कानात काही म्हणाली, दोघे हसत सुटले. माझा नातू पुण्याहून महिन्यातून एकदा फोन करतो आणि विचारतो, ‘आजोबा, बरे आहात ना?’ — शुद्ध बोलतो. मीच शिकवले.

३ एप्रिल, शुक्रवार

आज तारा वर उचलल्या.

कारणे लिहून ठेवतो. एक, झर्र गेली. दोन, तार उंच असली की आवाज भरदार येतो. जुने वादक उंचच ठेवत. तीन, जयंतीच्या मंचावर उघड्यावर बारीक आवाज विरून जाईल. त्याने आणलेल्या पातळ तारा काढल्या. माझ्याकडे जाड, सपाट गुंडाळीच्या होत्या, त्या चढवल्या. डोक्याकडच्या खाचांत हाडाची उंच पट्टी बसवली. बोट दाबायला बळ हवे. माझ्या बोटांत आहे. रोज अर्धा तास हार्मोनियमचे भाते हाणतो.

तिन्ही कारणे खरी आहेत. पट्ट्या घासल्या असत्या तर तिन्ही लागली नसती. वेळ होता. कानसही समोर होती.

हे वाक्य खोडणार नाही.

आनंदी पदराला हात पुसत आली. ‘झालं का? आता सुहासभावजींना सोपं जाईल?’

‘आवाज शुद्ध झाला,’ मी म्हणालो.

‘मी ते नाय विचारलं.’

५ एप्रिल, रविवार

विहाराच्या सभागृहात तालीम.

सगळे जमले. लवू, श्रुती, की-बोर्डवर विनीत. ‘जयभीम, जयभीम’ झाले. मी गिटार पिशवीतून काढली तेव्हा लवूने शिट्टी मारली. चकाकत होती! सुहासने ती गळ्यात घातली. त्या क्षणी तो पुन्हा छायाचित्रातला सुहास झाला, केस वगळता.

पहिला स्वर दाबला. थांबला. दुसरा. अनामिका अडकली, झटकली. पुन्हा दाबला. तार जेमतेम टेकली. आवाज आलाच नाही, नुसता ठप्प. त्याने माझ्याकडे पाहिले. पातळ तारांविषयी विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. त्याने विचारले नाही.

श्रुतीने मुखडा घेतला. दोन ओळी तो मागे रेंगाळला, मग हात खाली सोडले.

‘नाय जमत रे. ह्या हातांचं काम नाय हे आता.’

मग त्याने पट्टा गळ्यातून काढला आणि माझ्याकडे धरला. ‘मास्तर, तू घाल. तुला सगळं पाठ आहे.’

‘आणि तू?’

‘मी बोलतो. पन्नास वर्सं तू बोललास, आता मला बोलू दे!’

लवू म्हणाला, ‘अरे बापरे. मास्तर, तुम्ही त्याच्या भाषेनं मंचावरच प्राण सोडाल.’ सगळे हसले. सुहास सर्वांत मोठ्याने.

मी वाजवले. एकही चूक नाही. घरी येईपर्यंत बोटे गरम होती आणि मी — लिहितो — आनंदात होतो. असा आनंद मला शोभत नाही, पण होता.

६ एप्रिल, सोमवार

त्याचा फोन नाही. आनंदी दोनदा फोनकडे पाहून आली.

९ एप्रिल, गुरुवार

रोज तालीम. डाव्या हाताला घट्टे पडत आहेत. आंघोळीनंतर ते मऊ होतात, पुन्हा वाजवले की घट्ट होतात. त्यांच्याकडे पाहत बसतो. या वयात नवा अवयव फुटल्यासारखे वाटते.

श्रुतीला विचारले, कसे वाटते माझ्या साथीवर गाताना?

‘काका, तुमच्याबरोबर चूक होऊच शकत नाही.’

आणि सुहासकाकांबरोबर?

ती पाण्याची बाटली उघडत होती. ‘लहानपणी त्यांच्याबरोबर गायचे, तेव्हा चूक झाली तरी कळायचीच नाही. ते तिथंच येऊन उभे राहायचे, आपण चुकलोय तिथं.’

एवढ्या वयाच्या पोरीने एवढे चांगले वाक्य बोलू नये. आणि बोललीच तर माझ्याविषयी बोलावे.

११ एप्रिल, शनिवार

सुहास तालमीला येतो, पुढच्या खुर्चीत बसतो, पाय हलवतो. निवेदन कागदावर लिहून आण म्हटले, मी तपासून देतो. ‘कागद कशाला? तोंडाला येईल ते बोलायचं.’

त्याचे माझ्या हातांकडे लक्ष असते. मी मान वर करत नाही.

१५ एप्रिल, बुधवार

काल जयंती झाली. सविस्तर लिहितो.

मैदान भरले होते. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, पुढे सतरंजीवर बायका आणि मुले, मागे खुर्च्या, त्यांच्या मागे उभे राहिलेले तरुण. मुंबईहून आलेली मंडळी वेगळी ओळखू येत होती. मी पांढरा सदरा घातला. आनंदीने पट्ट्याखाली घडी नीट केली आणि म्हणाली, ‘थरथरू नका.’ मी थरथरत नव्हतो.

सुहास माईकपुढे गेला आणि पहिल्याच वाक्यात मंचावर ‘उपस्थित असलेल्या उपस्थितांचे’ स्वागत केले! मी डोळे मिटले. पुढे चुका मोजणे सोडून दिले. लिंग, वचन, काळ — कशाचा कशाला मेळ नाही. आणि लोक! लोक लोळत होते. बाबाजी एकदा अंजनवेलला कार्यक्रमाला जाताना धोतर बदलायला विसरले, ती गोष्ट त्याने सांगितली तेव्हा एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून हसत होती की रडत होती, कळेना. पन्नास वर्षे मी त्याच माईकवर निर्दोष बोललो. माझ्या निवेदनाला लोक पाणी प्यायला उठत.

तेही घेतले त्याने. माईकसुद्धा! मी त्याची गिटार घेतली आणि त्याने त्या जागी माझे उरलेसुरले घेतले, तेही हसत हसत. त्या क्षणी मला तो पुन्हा असह्य झाला.

मग वाद्यवृंदाची ओळख. लवू, विनीत, सगळे झाले. शेवटी माझ्याकडे वळला.

‘आणि बेसवर आमचे मास्तर! पन्नास वर्सं ह्या माणसानं माझ्या बोटांकडं बघत साधी गिटार वाजवली. आज मी ह्याच्या बोटांकडं बघणार. मंडळी, टाळ्या कमी पडल्या तर मी बोलत राहीन, सांगून ठेवतो!’

टाळ्या पडल्या. खूप. मला त्यांचे काय करावे ते कळेना. मी मान तुकवली आणि पहिला स्वर दाबला. शेवटपर्यंत सर्व जागच्या जागी. श्रुती छान गायली. लवू मध्ये एकदा माझ्याकडे पाहून हसला, ‘बरोबर’ असे हसणे नव्हते ते. थोडे वेगळे होते. एवढे मी मिळवले.

खाली उतरल्यावर सुहासने माझा डावा हात हातात घेतला, घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. ‘पडले काय रे!’ म्हणाला. दुसरे काही नाही. गिटार घेऊन जा म्हटले. ‘राहू दे तुझ्याकडं. आता ती तुझ्या हाताला बसली.’

जिंकलो, असे रात्री वाटले. आज सकाळीही वाटते आहे. जवळजवळ.

१७ एप्रिल, शुक्रवार

दुपारी भात वाढताना आनंदी सहज म्हणाली, ‘राग नाय ना येणार? त्या शनिवारी सुहासभावजींनी बेस वाजवला, तसा तुम्हाला नाय जमला.’

कोणत्या शनिवारी?

‘पहिल्या तालमीच्या आदल्या. तुम्ही दाताला गेला होतात ना. इथं बसून सगळी गाणी वाजवली त्यांनी. बोट अडकायचं मध्ये, झटकायचे नि पुढं. मी दोनदा चहा केला. तुम्हाला सांगू नका म्हणाले.’

तारा मी शुक्रवारीच उचलल्या होत्या.